दंडावरची चिठ्ठी

आमच्या गावात शिरायच्या वाटेवर त्या वर्षी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या असायच्या आणि त्यांच्यापाशी पाटलाचा माणूस काठी घेऊन बसलेला असायचा. सरकारचा हुकूम यायच्या आधीच गावाने आपला हुकूम काढला होता. गाठीच्या रोगाच्या गावाहून कोणी आला, मग तो पाहुणा असो, जावई असो की गावचाच असो, त्याने दहा दिवस देवळामागच्या आमराईत बसायचं, आणि दहा दिवसांनी अंगात ताप नसला तर आत यायचं. माझा सख्खा काका धुळ्याहून आला तर त्यालाही बसवलं. माय रोज दुपारी त्याची भाकरी पळसाच्या पानावर घेऊन जायची, एका धोंड्यावर ठेवायची आणि वीस पावलं मागे सरायची. मग काका यायचा आणि पान उचलायचा. म्हसोबाला नैवेद्य दाखवावा तसं ते दिसे. काका मोठ्याने म्हणे, "वहिनी, नारळ राहिला." माय हसायची नाही. त्या दिवसांत माय कशालाच हसत नव्हती.

जामनेरच्या अलीकडचं आमचं गाव, घर शेतकऱ्याचं. पहाटे जात्याचा आवाज, मग गोठ्यातल्या घुंगरांचा, मग तव्यावर कळण्याची भाकरी टाकल्याचा आणि पाठोपाठ वरवंट्याखाली मिरची रगडल्याचा. या चार आवाजांत मी वाढलो. मायच्या ओव्यांत अक्काचं नाव रोज यायचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिंदखेड्याला दिलेली. त्या वर्षी ओव्या बंद झाल्या होत्या, जातं नुसतंच घरघरायचं. कारण असं होतं की अक्काला सातवा सरून आठवा लागला होता आणि रोग तिच्या गावात शिरला होता. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण सासरीच उरकावं लागलं होतं. आणायला माणूस पाठवायची वेळ झाली तेव्हा आबा, माझे वडील, पेरणीच्या घाईत होते. "आठ दिवसांनी धाडू," म्हणाले. आठ दिवसांत मूल झालं आणि दोन दिवसांत गेलंही. त्यावर घरात कोणी कधी बोललं नाही. पण आबांनी 'आठ दिवसांनी' हे शब्द पुन्हा तोंडातून काढले नाहीत. बी-बियाण्याबद्दलसुद्धा ते 'सात' म्हणायचे किंवा 'नऊ' म्हणायचे.

तेव्हा या खेपेला अक्काला माहेरी आणायचीच, हे ठरलेलं होतं. आमच्या खानदेशात लेकीला आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मुऱ्हाळी भाऊच लागतो. भाऊ मी एकटाच. वय सतरा, मिसरूड फुटलेलं, अक्कल फुटायची बाकी. अडचण एवढीच होती की शिंदखेड्याहून येणाऱ्याला गाडीतून उतरल्यावर जळगावच्या फलाटावर अडवत होते आणि गावाबाहेरच्या कारंटीनात टाकत होते. ज्याने दंडाला लस टोचून घेतली आहे आणि तशी चिठ्ठी ज्याच्याजवळ आहे त्याला मात्र सोडत होते. त्याच्याबरोबर अवघडलेली बाई असली तर तिलाही सोडत. आमच्या गावच्या पाटलानेही आबांना शब्द दिला होता, पोराजवळ चिठ्ठी असेल तर बाभळी बाजूला करतो. म्हणजे आमच्या घराची सगळी मदार माझ्या डाव्या दंडावर होती.

जामनेरला शाळेच्या ओसरीवर टोचणी चालली होती. आधी कारकुनापुढे रांग. तो नाव, बापाचं नाव, गाव लिहून, शिक्का मारून चिठ्ठी हातात देई. मग ती चिठ्ठी घेऊन दुसरी रांग, पडद्याआड. पद्धतीतली ही फट माझ्या लक्षात आली नव्हती, असं मी आजही म्हणू शकत नाही. पडदा वाऱ्याने हलला आणि मला ती सुई दिसली. लोक तिला सुई म्हणत होते. आमच्या घरी तसल्या वस्तूने गोणपाट शिवत. माझ्या पुढचा गडी, पैलवान, ओरडला. मी शेजारच्याला म्हणालो, "जरा भिंतीमागे जाऊन येतो," आणि भिंतीमागे गेलो, तिथून ओढ्यात, ओढ्यातून शेतात, शेतातून घरी. चिठ्ठी खिशातच होती. शिक्क्याची शाई अजून ओली होती.

घरी आबांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरून पाहिली, मग सुलटी धरून पाहिली, वाचता येत नव्हतं म्हणून दोन्ही एकच, आणि शेताचे कागद ज्या डब्यात असत त्या डब्यात ठेवली. टोचल्यावर दोन दिवस ताप येतो असं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. म्हणून मी कण्हत पडलो. मायने साजूक तुपातला शिरा केला. मी दोन दिवस कण्हलो आणि शिरा चांगला असल्यामुळे तिसऱ्या दिवशीही कण्हलो. माझ्या हातून पुढे पुष्कळ मूर्खपणा झाला, पण तो शिरा अजून घशाशी येतो.

चिठ्ठी मिळाल्यावर बाराव्या दिवशी मायने बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन मी निघालो. शिंदखेडं ओस पडलं होतं. दारांना कुलपं, ओट्यांवर कुत्री, आणि गावाबाहेर शेताशेतांतून तुराट्यांच्या खोपी उभ्या. अक्काच्या सासरची माणसं आपल्याच शेतात अशा दोन खोपी बांधून राहत होती. उंदीर पडायला लागल्यावर घर सोडलं ते सोडलंच. धान्याच्या कणग्या आत, माणसं बाहेर. अक्का खोपीच्या दारात बसून तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि नुसती बघत राहिली. पोट एवढं वाढलेलं आणि हात काडीसारखे. "आला रे एकू," म्हणाली. बस, एवढंच.

तिची सासू मात्र एवढ्यावर थांबणारी नव्हती. तिला सगळे राधामाय म्हणत. धिप्पाड बाई, आवाज असा की चार शेतांपलीकडचा बैल मान वळवे. मी पाया पडायला वाकलो तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी तिने तो हात पुढे केला.

"चिठ्ठी दखाड."

मी दाखवली. तिलाही वाचता येत नव्हतं, पण शिक्का तिने नखाने खरवडून पाहिला.

"चिठ्ठी शे ते बरं. नहीते वहूले धाडाव नही," ती म्हणाली. मग मला ताक देता देता, सहज सांगावं तसं तिने सांगितलं, "आते जळगावले नुसती चिठ्ठी दखीसन सोडतस नही भाऊ. चिठ्ठ्या लोके इकी राहिनात. दंड दखतस. आमना गावना एक जण गया, दंड कोरा. दिना टाकी कारंटीनमा."

म्हणजे लोक चिठ्ठ्या विकायला लागले म्हणून जळगावला आता दंडही उघडून बघत होते. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. जाशील बुधी तर येशील कधी, म्हणून राधामायने बुधवारी पाठवणी करायची नाही असं ठरवलं, गुरुवारी तिचा उपास होता, म्हणजे निघायचं शुक्रवारी. माझ्याजवळ तीन दिवस होते आणि एक कोरा दंड.

तेव्हा मला खरं काय करायला हवं होतं ते आज कोणीही सांगेल. अक्काला सांगायचं, धुळ्याला जायचं, डोळे मिटून टोचून घ्यायचं. पण सतरा वर्षांच्या माणसाला खरा रस्ता फार लांबचा वाटतो. मी इकडेतिकडे पाहत असताना खोपीच्या कोपऱ्यात राधामायचा बटवा दिसला. सुंठ, वेखंड, हळकुंड आणि सात-आठ बिब्बे. सातपुड्यातून पावरा बाया बिब्बे विकायला आणत. परटाकडे कपडे टाकताना खूण करायला, पोराला दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला बांधायला, टाचेच्या भेगेत भरायला, बिब्बा घरोघर असे. आणि बिब्बा अंगावर उतला की कातडी कशी सुजते, फोड कसे येतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी दोन बिब्बे उचलले. बांधावर जाऊन एक दाभणाला टोचून विस्तवावर धरला. काळं तेल सुटलं. तेवढ्यात आणखी एक विचार मनात आला, जो माझ्या सगळ्या विचारांचा मुकुटमणी समजावा : थोडं लावलं तर खोटं वाटेल. म्हणून मी भरपूर लावलं. पैरणीच्या बाहीलाही लागलं, तिथे बंदा रुपया बसेल एवढा काळा डाग पडला. सुईला भिऊन पळालेला मी, तापलेलं दाभण हातात धरून दंड भाजत बसलो होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारपर्यंत दंड कोहळ्यासारखा झाला. आग अशी की रात्रंदिवस ओलं फडकं गुंडाळून ठेवावं लागे. गाडीत बसलो तेव्हा अंगात कणकण होती. अमळनेर मागे पडलं, धरणगाव आलं, आणि हात खाली लोंबू द्यावा तर काखेत काहीतरी रुतायला लागलं. मी लोकांच्या नजरा चुकवून बोटाने चाचपलं. सुपारीएवढी गाठ होती.

आज मला माहीत आहे की हातापायाला जखम झाली, कातडी सुजली, की काखेत किंवा जांघेत अवधाण येतं, म्हणजे चार दिवसांची साधी गाठ धरते. बैल राखणाऱ्यालाही हे माहीत असतं, मलाही होतं. पण त्या दिवसांत 'गाठ' या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. मला वाटलं, झालं. शिंदखेड्याच्या खोपीतून मी रोग घेऊन आलो आणि माझ्या मांडीला मांडी लावून अक्का बसली आहे. मी खिडकीकडे सरकलो. ती आणखी जवळ सरकली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "एकू, तुले तर ताप शे."

"टोचल्यावर येतो."

"टोचून पंधरा दिवस झाले ना?"

"कोणाकोणाला उशिरा येतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी गूळ चोरला की जशी पाहायची तशी. पण त्या दिवशी तिचं लक्ष पोटाकडे होतं. धरणगावपासूनच तिच्या कमरेत कळ येत होती, हे तिने मला सांगितलं नव्हतं. दोघं भावंडं एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवून, एका बाकावर, जळगावात शिरलो.

फलाटावर दोऱ्या बांधून दोन वाटा केल्या होत्या. बायकांची वाट पडद्यामागे, पुरुषांची उघड्यावर. टेबलाशी चष्म्याचा कारकून आणि त्याच्या शेजारी एक तरुण डॉक्टर, डोळे तांबारलेले, किती दिवस झोपला नसेल कोण जाणे. मी चिठ्ठी दिली आणि न सांगताच बाही वर केली. एवढी मेहनत केली होती, दाखवायची हौस होती. कारकुनाने दंड पाहिला, चिठ्ठी पाहिली, पुन्हा दंड पाहिला.

"चिठ्ठी पंधरा दिवसांपूर्वीची," तो म्हणाला, "आणि दंड कालचा?"

तीन दिवस मी आग सोसली होती. पंधरा दिवसांत सुईची सूज उतरून गेलेली असते, हे मात्र मला एकदाही सुचलं नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरने माझ्या काखेत बोटं घातली. मी किंचाळलो. फलाटावरची रांग आपोआप दहा हात मागे गेली. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं नाही, कारकुनालाच सांगितलं, "आजाऱ्यांकडे. बरोबर कोण आहे? त्यांना संबंधितांत."

कारंटीन म्हणजे गावाबाहेरच्या माळावर चटयांच्या झोपड्यांच्या रांगा. मधे एक दोरी. दोरीच्या अलीकडे संबंधित, म्हणजे ज्यांच्या घरात किंवा संगतीत रोगी निघाला ते, पलीकडे रोगी. आम्हाला दोरीपाशी वेगळं केलं. मला अक्काशी बोलायचं होतं, पण ती पोटावर हात ठेवून नुसती उभी होती. माझे कपडे काढून घेतले, औषधाच्या पाण्यात उकळायला टाकले, आणि नेसायला एक पंचा दिला. दुसरा बिब्बा कनवटीला होता. वेळ पडली तर दंड ताजा करायला म्हणून आणलेला. तो मी मुठीत दाबला आणि झोपडीत गेल्यावर कुडाच्या चटईत खोचून ठेवला. पुरावा लपवला, असं मला वाटलं.

झोपडीत दुसऱ्या बाजेवर एक म्हातारा कासार होता. बांगड्या विकत गावोगाव फिरणारा. रोगाने त्याला एरंडोलच्या बाजारात गाठलं होतं. सगळे त्याला नाना म्हणत. मान एका बाजूला सुजून खांद्याला टेकलेली, डोळे लाल, पण जीभ शाबूत. मी खोचाखोच करत होतो ते तो पाहत होता.

"काय लपवलंस रे?"

"काही नाही, नाना."

"तुझ्या दंडावर बिब्बा उतलाय," तो म्हणाला. "मी सातपुड्याच्या पायथ्याला चाळीस वर्षं फिरलो. बाया मला हात देतात, मी हात बघतो. बिब्ब्याचा हात मला अंधारात ओळखू येईल."

मी रडायला लागलो. लाजेने म्हणा, सुटकेने म्हणा. म्हणजे मला प्लेग नव्हता. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, भिंत, शिरा. शिऱ्यापाशी तो हसला, आणि हसताना दुखलं म्हणून थांबला. "मग सांग की डॉक्टराला."

"कैद करतील. खोटी चिठ्ठी आहे. शिवाय ऐकणार कोण?"

ते खरंही होतं. त्या दोरीच्या पलीकडे प्रत्येकाला प्लेग सोडून दुसरंच काहीतरी झालेलं असे. कोणाला काटा रुतलेला, कोणाला बैलाने मारलेलं. डॉक्टर सकाळी येई, ऐके, मान हलवे, पुढे जाई. मी दोन दिवस गप्प राहिलो. ताप उतरला, दंडाचे फोड फुटले, आणि मी त्या बाजेवर पडून मोजत होतो की आज बोललो नाही तर उद्या बोलेन. नाना पाणी मागे, मी देई. खरा रोगी आणि खोटा रोगी एकाच मडक्यातलं पाणी पीत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, "तू इथे बसून काय करतोस माहीत आहे का? खरा होण्याची वाट बघतोस." त्यानंतर तो शुद्धीत फारसा आला नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताना त्याच्या श्वासाचा आवाज थांबला. माणसं तोंडाला फडकी बांधून आली आणि त्याला चटईसकट घेऊन गेली. त्याच्या बांगड्यांची पेटी माझ्या बाजेखाली तशीच राहिली.

त्याच सकाळी दोरीच्या अलीकडून अक्काचा आवाज आला. ती ओरडणारी बाई नव्हती. मी झोपडीबाहेर येऊन दोरीपाशी गेलो. संबंधितांच्या झोपड्यांतल्या बाया एका बाजूला घोळका करून उभ्या होत्या, अक्काच्या झोपडीपासून चांगल्या लांब. आत ती एकटी होती. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणत होती ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"हात कसा लावू बाई? तिचा भाऊ गाठीचा आहे. तिकडे पडलाय."

डॉक्टर दहाला येणार. तेव्हा सातही वाजले नव्हते. दारावरचा पहारेकरी म्हणे, बाहेरची सुईण आत घ्यायची तर साहेबांची परवानगी पाहिजे. मला आबांचे ते आठ दिवस आठवले. या वेळी ते आठ दिवस माझे होते.

मी ओरडलो. आयुष्यात एकदाच मी खरं एवढ्या मोठ्याने बोललो असेन. "मला गाठ नाही. मी बिब्बा लावलाय. सुई चुकवली म्हणून बिब्बा लावलाय. मला काही झालेलं नाही, तिला हात लावा." बाया बघत राहिल्या. एकीने चुकचुकत मान हलवली. रोग डोक्यात चढला की माणूस बरळतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी जितकं खरं बोलत होतो तितका जास्त आजारी दिसत होतो.

तेव्हा कपड्यांच्या कढईपाशी लाकूड सारणारी परटीण उभी राहिली. सोनाबाई नाव तिचं. कारंटीनातले सगळे कपडे तीच उकळी. काळी, वाळकी, तोंडात सतत तंबाखू. तिने कढईतून काठीने एक पैरण वर काढली. पाणी निथळत होतं.

"ही तुझी का रे?"

"माझी."

"तीन वेळा उकळली. औषधात, सोड्यात, राखेत. हा बाहीवरचा डाग जाईना म्हणून मी तीन दिवस कपाळ बडवते आहे." तिने बाही डोळ्यांजवळ नेली. मग बायांकडे वळली. "मी जन्मभर या डागाने घरोघरीचे कपडे ओळखत आले. हा बिब्बा आहे. भट्टीत घातला तरी जायचा नाही." मग माझ्याकडे, "आणखी आहे का तुझ्याजवळ?"

मी झोपडीत पळालो, चटईतला बिब्बा काढला आणि दोरीच्या वरून तिच्याकडे फेकला. तिने तो जमिनीवरून उचलला, नखाने टोकरला, वास घेतला.

"गाढवा," ती म्हणाली, आणि पदर खोचून अक्काच्या झोपडीत गेली. तिच्या मागे दोघी गेल्या. तिसरी पाणी तापवायला कढईकडे धावली.

मी दोरीला धरून उभा होतो. किती वेळ, सांगता येत नाही. एकदा सोनाबाई बाहेर आली, तंबाखू थुंकली, कोणाकडे न बघता पुन्हा आत गेली. एकदा आतला आवाज अजिबात बंद झाला, आणि तो बंद राहिला तेवढ्या वेळात मी दोरीचा पीळ उलगडून टाकला. डॉक्टरने नंतर त्याबद्दलही मला बोल लावला. मग रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडका, सतत. पोरगी होती. महिना आधी आलेली, पण रडत होती. पहिलं रडलं नव्हतं.

डॉक्टर आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने माझा दंड पाहिला, काख पाहिली, पैरण पाहिली. मला वाटलं, मारेल. "तीन दिवस," तो म्हणाला, "या खाटेवर दुसरा रोगी असता." मग शांतपणे सांगितलं, "तुला रोग नव्हता. आता असू शकतो. त्या म्हाताऱ्याजवळ राहिलास. दहा दिवस वेगळ्या झोपडीत. आणि हात पुढे कर. डावा नव्हे, उजवा." पेटीतून त्याने सुई काढली. सांगायला हरकत नाही, ती गोणपाट शिवायच्या दाभणाहून बरीच बारीक होती. टोचली ते कळलंही नाही.

निरोप पोचून दुसऱ्या दिवशी माय आणि आबा बैलगाडी घेऊन आले. पहारेकऱ्याने मायला सांगितलं, आत गेलीस तर दहा दिवस बाहेर येता यायचं नाही, आणि मग गावात पुन्हा आमराईत दहा. मायने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. लुगड्याचा ओचा वर घेतला आणि आत आली. आबा बाहेर गाडीच्या जुवाला टेकून बसले. माझी दहा दिवसांची झोपडी तिथून दिसत असे. ते रात्री गाडीखाली झोपायचे, दिवसा तिथेच बसायचे, माझ्याकडे एकदाही बघायचे नाहीत. नवव्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "दुखतो का दंड?" मी नाही म्हणालो. "दुखायला पाहिजे," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.

सोनाबाईने तो बिब्बा काळ्या दोऱ्यात ओवून पोरीच्या झोळीला बांधला होता. नानांच्या पेटीतल्या बांगड्या डॉक्टरच्या हुकमाने उकळून निघाल्या आणि कारंटीनातल्या ज्या बायांनी अक्काला हात लावला त्यांच्या हातांत गेल्या. तो हुकूम डॉक्टरने का दिला, त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा नानांचं नाव तोंडातून काढू शकत नव्हतो. या पानापर्यंत यायलाही मला बरीच वर्षं लागली.

त्यानंतर पुष्कळ साथी आल्या आणि पुष्कळ नाके लागले. स्टेशनावर, जत्रेत, नदीच्या उतारावर. नाक्यावरचा माणूस दंड बघायला मागे, मी उजवा पुढे करी. तिथे काहीच दिसत नसे. खऱ्या सुईने माझ्या अंगावर मागमूस ठेवलेला नाही. मग तो डावा बघे. तिथे बिब्ब्याचा काळा, चिरमुटलेला, रुपयाएवढा वण. तो पाहून माणूस मान डोलवी, "टोचलेलं आहे, जाऊ द्या." पहिल्या एक-दोन वेळा मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. रांग खोळंबे. मग सोडून दिलं.

अक्काला आणायला मी पुढे वीस-बावीस वर्षं जात राहिलो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हमखास. शिंदखेड्यात माणसं घरात राहायला आली, कणग्या भरल्या, रोगाचं नाव निघेनासं झालं. पण राधामाय शेवटपर्यंत तशीच. मी ओट्यावर पाय ठेवला, वाकलो, की आशीर्वादाच्या आधी तिचा हात पुढे यायचा.

"चिठ्ठी दखाड."

भाची आतून पळत यायची, मामाचा दंड बघायला. मी बाही वर करायचो.